रंगमंदिरातले भूत कुणाचे?

जुन्या नाट्यगृहाचा विषय निघाला की चर्चा हटकून एका वळणावर येते. इमारत राखायची की पाडायची, दुरुस्तीला पैसा कुठून आणायचा, हे प्रश्न बाजूला राहतात आणि कुणीतरी मध्यरात्री आपोआप वाजणाऱ्या घंटेची, बाल्कनीच्या शेवटच्या रांगेत एकटीच बसलेल्या बाईची किंवा रंगपटाच्या आरशात दिसणाऱ्या अनोळखी चेहऱ्याची गोष्ट काढतो. तिथून पुढे दोन तट पडतात. एक तट म्हणतो की असल्या भाकडकथा सांगणे हाच अपराध आहे आणि रंगभूमीसारख्या प्रबोधनाच्या जागेत तर त्यांना थारा देता कामा नये. दुसरा तट म्हणतो की हाच आपला वारसा आहे. या कथांवर रात्रीच्या सहली काढा, चित्रफिती करा, तिकीट लावा, म्हणजे ओस पडलेल्या इमारतीकडे लोक पुन्हा वळतील. दोन्ही तट तावातावाने भांडतात आणि दोघांचेही भांडण एकाच प्रश्नाभोवती घुटमळते: तिथे भूत आहे की नाही? माझ्या मते हा प्रश्नच निरुपयोगी आहे. भूत नसते असे मी मानतो आणि ते सिद्ध करण्यात वेळ घालवण्याची मला गरज वाटत नाही. विचारायला हवे ते वेगळेच: हे भूत कुणाचे म्हणून सांगतात, केव्हापासून सांगतात आणि सांगणारे कोण आहेत? पडद्यामागे राबणाऱ्या ज्या माणसांच्या हाती लेखणी नव्हती, त्यांनी तोंडी सांभाळलेला इतिहास या कथांमध्ये आहे. तो टिपून घेतला पाहिजे आणि कसून तपासला पाहिजे. आज त्याची एकीकडे टिंगल आणि दुसरीकडे विक्री चालली आहे, आणि दोन्हींमुळे तो सारखाच नाहीसा होतो आहे.

रंगभूमी आणि भुते यांचे नाते कुणा भोळ्या डोअरकीपरने लावलेले नाही. भरताच्या नाट्यशास्त्राच्या पहिल्याच अध्यायात पहिल्या प्रयोगाची हकिकत येते. इंद्रध्वजाच्या उत्सवात देवांनी दैत्यांवर मिळवलेल्या विजयाचे नाटक सुरू झाले. आपला पराभव असा चारचौघांत मांडला जातो आहे हे पाहून दैत्य बिथरले, विरूपाक्षाच्या पुढाकाराने विघ्ने चालून आली आणि त्यांनी नटांची वाणी, हालचाल आणि स्मृती थिजवून टाकली. इंद्राने आपल्या ध्वजदंडाने त्यांना झोडपले. तोच दंड पुढे जर्जर म्हणून रंगमंचावर पूजला जाऊ लागला. तरीही उपद्रव थांबेना, तेव्हा विश्वकर्म्याकडून नाट्यगृह बांधून घेण्यात आले आणि त्याचा एकेक भाग एकेका देवतेकडे राखणीला दिला गेला. या नेमणुकांमधली एक मला फार महत्त्वाची वाटते. मत्तवारणीचे, म्हणजे रंगमंचाच्या बाजूच्या ओसरीचे, खांब सांभाळण्याचे काम भूत, यक्ष, पिशाच आणि गुह्यक यांच्याकडे सोपवले आहे. नाट्यगृह उपद्रवापासून वाचावे म्हणून बांधले आणि त्याच्या खांबांपाशी भुतांनाच पहारेकरी नेमले! रंगमंचावर ऐन वेळी शब्द न आठवणे, पाय जागचा न हलणे ही प्रत्येक नटाची सर्वांत खोल भीती असते. ती भीती ज्यांनी अनुभवली त्यांनीच ही कथा रचली असणार, आणि म्हणून तिच्यातल्या पिशाचांशी व्यवहार धाकाचा आणि सलोख्याचा असा दोन्ही प्रकारचा आहे. कोकणात आणि गोव्यात गावाच्या सीमेवरच्या राखणदाराशीही माणसे असाच व्यवहार करतात. त्याची भीती बाळगतात, त्याला मान देतात आणि रात्री-अपरात्री त्याच्याच भरवशावर वाट चालतात.

परदेशातले सर्वांत गाजलेले उदाहरण लंडनच्या ड्रुरी लेन इथल्या थिएटर रॉयलचे. करड्या झग्यातला, पांढऱ्या केसांच्या टोपातला आणि तीनकोनी हॅट घातलेला एक पुरुष तिथे भरदिवसा वरच्या सज्जातून चालत जातो आणि भिंतीत दिसेनासा होतो, अशी आख्यायिका आहे. तो दिसला की नाटक चालते, अशी नटांची समजूत आहे. या आख्यायिकेचा सर्वाधिक प्रसार वॉल्टर मॅक्वीन-पोप यांनी केला. ते त्याच नाट्यगृहाच्या प्रसिद्धीचे काम पाहत असत, ही गोष्ट भूतसहलींत सहसा सांगितली जात नाही. याच नाट्यगृहाबद्दल दुसरी कथा आहे ती जोसेफ ग्रिमाल्डी या विदूषकाची. बुजलेल्या नव्या नटाला तो मागून हलकेच ढकलून रंगमंचावरच्या योग्य जागी नेतो, असे सांगतात. ही कथा ऐकताना मला भुतापेक्षा तालीम दिसते, कारण नवख्याला उभे राहण्याची जागा दाखवून देणे हे प्रत्येक मंडळीतल्या जुन्या माणसाचे कामच असते. तिसरी हकिकत मात्र इतिहासात पक्की नोंदलेली आहे. १७३५ साली चार्ल्स मॅक्लिन या नटाने केसांच्या टोपावरून झालेल्या भांडणात थॉमस हॅलम या सहकाऱ्याच्या डोळ्यात काठी खुपसली आणि हॅलम त्यातच गेला. मॅक्लिन दोषी ठरला, तरी पुढे कितीतरी वर्षे रंगमंचावर राहिला आणि शेक्सपिअरच्या नाटकातल्या शायलॉकच्या भूमिकेने कीर्तिमान झाला. आज तिथे भूत म्हणून फिरतो असे सांगतात तो मॅक्लिन; हॅलमचे नाव फार थोड्यांना ठाऊक असते. ही घटना ज्या इमारतीत घडली ती १७९१ साली पाडली गेली, तिच्या जागी आलेली १८०९ च्या आगीत भस्मसात झाली, आणि आजची इमारत १८१२ ची आहे. इमारती गेल्या तरी कथा टिकली. पण टिकताना तिने कीर्तिवंताला उचलले आणि मेलेल्या माणसाला मागे ठेवले, हेही तितकेच खरे. लोककथेला आपोआप न्यायबुद्धी असते असे मी म्हणत नाही. ती तपासावी लागते ती याचसाठी.

आता विवेकवाद्यांच्या आक्षेपाकडे येतो, कारण तो खरोखर वजनदार आहे. महाराष्ट्रात भुताची गोष्ट निरुपद्रवी असते असे म्हणण्याची सोय नाही. भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसांना साखळीने बांधले गेले आहे, मारहाण झाली आहे, बायकांना चेटकीण ठरवून गावाबाहेर काढले गेले आहे. या प्रकारांविरुद्ध आयुष्यभर लढलेल्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात ओंकारेश्वराजवळच्या पुलावर खून झाला. बालगंधर्व रंगमंदिर तिथून दूर नाही. जादूटोणाविरोधी कायदा या खुनानंतरच झाला. ही किंमत डोळ्यांसमोर असताना भूतकथांचे कौतुक कुणी करावे, हा प्रश्न रास्त आहे. त्यात आणखी एक भर मीच घालतो. आपल्या भुतांची वर्णनेही निष्पाप नाहीत. बाळंतपणात मेलेली बाई हडळ होते, मुंज झालेला पण लग्नाआधी गेलेला मुलगा मुंजा होऊन पिंपळावर बसतो. म्हणजे जिवंतपणी ज्याची जी जागा, तीच मेल्यावरही. नाट्यगृहांच्या कथांत तर आत्महत्या केलेली नटी इतक्या वेळा येते की ती दंतकथाही राहत नाही, ठोकळा होतो. रंगभूमीवर काम करणाऱ्या बाईविषयी समाजाच्या मनात असलेला संशय त्या ठोकळ्यात भरलेला असतो. आणि व्यवहारातला तोटा वेगळाच. दिवे अचानक गेले की जुनाट वायरिंग बदलण्याऐवजी ‘ती जागाच तशी आहे’ असे म्हणणारा व्यवस्थापक भुताच्या आड आपला हलगर्जीपणा लपवत असतो.

हे सगळे मान्य केल्यावरही कथा पुसून टाका हा निष्कर्ष निघत नाही. विवेकवादाचाच दाखला द्यायचा तर मी इतिहासकार दामोदर धर्मानंद कोसंबी यांचा देईन. त्यांच्याइतका कडवा भौतिकवादी आपल्याकडे विरळा. पण वेताळ, म्हसोबा आणि रानातल्या देवी यांची ठाणी त्यांनी अंधश्रद्धेची ठिकाणे म्हणून ओलांडून पुढे टाकली नाहीत. पुण्याच्या वेताळ टेकडीपासून मावळातल्या लेण्यांपर्यंत ते पायी हिंडले, कुठल्या देवीला कोण नैवेद्य दाखवतो हे गुराख्यांना आणि गावकऱ्यांना विचारत राहिले, ठाण्यांच्या आसपास सापडणारी सूक्ष्म दगडी हत्यारे त्यांनी गोळा केली आणि त्यांतून प्राचीन वाटा आणि व्यापारी मार्ग यांची संगती लावली. वेताळावर विश्वास न ठेवता वेताळाला साक्षीला बोलावता येते, हे त्यांनी करून दाखवले. मग नाट्यगृहाच्या बाबतीत आपण एवढे अधीर का होतो? कायदासुद्धा भुताच्या नावाने होणारी मारहाण, दहशत आणि फसवणूक यांना गुन्हा ठरवतो. कथा सांगण्याला नव्हे. कथा खोटी आहे एवढे सांगून थांबणारा माणूस विवेकाचे अर्धेच काम करतो, कारण ही खोटी कथा नेमकी इथेच, नेमकी अशीच का रुजली, हे शोधण्याचे काम तसेच उरते.

यातला काही भाग तर इमारतच समजावून सांगते. जुनी नाट्यगृहे ध्वनिवर्धकाशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचावा अशा बेताने बांधलेली असत. संगीत नाटकाच्या काळात गायक नटाची साधी हरकतसुद्धा पिटातल्या प्रेक्षकाला ऐकू जावी, ही अपेक्षा असे. जी वास्तू कुजबुज लांबवर पोचवण्यासाठी बांधली, ती रात्री रिकामी झाल्यावर पलीकडच्या जिन्यावरचे पाऊल अगदी कानाशी आणून सोडणारच. दिवसभर तापलेले पत्रे आणि सागवानी तुळया रात्री गार होताना कडकड वाजतात, माळ्यावर पारवे आणि वटवाघळे असतात, वाऱ्याने पडद्याची दोरी कप्पीवर सरकते. पण एवढ्याने सगळ्या कथांचा उलगडा होत नाही. अमुक एका दोरीचीच गोष्ट का सांगतात, याचे उत्तर ध्वनिशास्त्रात सापडत नाही.

जिल्ह्याच्या एका गावातल्या जुन्या नाट्यगृहात, डाव्या विंगेतली एक दोरी रात्री आपोआप हलते, अशी गोष्ट मी ऐकली होती. तिथे उभी हयात पडदे ओढण्यात घालवलेल्या, आता निवृत्त झालेल्या एका गृहस्थांना मी त्याविषयी विचारले. ते हसले नाहीत आणि घाबरलेही नाहीत. मला विंगेत नेऊन त्यांनी वर बोट दाखवले. माळ्याच्या काळवंडलेल्या फळ्यांमध्ये एक फळी इतरांपेक्षा फिकट, नंतर बसवलेली दिसत होती. ‘भूतबित काही नाही साहेब, तिथून माणूस पडला होता,’ ते म्हणाले. पडद्याची गाठ सोडवायला वर चढलेला एक पोऱ्या कुजलेल्या फळीसकट खाली आला होता. त्यानंतर तिथल्या कामगारांनी दोन गोष्टी पाळल्या. अंधारात त्या फळीवर एकट्याने चढायचे नाही आणि खंडेनवमीला हत्यारांची पूजा करताना एक नारळ त्या दोरीपाशी वाढवायचा. दर्शनी भागात संगमरवरी पाटी आहे. तिच्यावर देणगीदारांची, पाहुण्यांची आणि पदाधिकाऱ्यांची नावे आहेत. त्या पोऱ्याचे नाव त्या इमारतीत कुठेही लिहिलेले नाही. ते त्या गृहस्थांना आठवत होते, आणि ते आठवत होते ते दोरीच्या गोष्टीमुळे. ही कथा भाकड म्हणून आपण बंद पाडली असती, तर कुजलेली फळी, तिची वेळेवर न झालेली दुरुस्ती आणि एका गरीब मुलाचा मृत्यू या तिन्ही गोष्टी एकदमच पुसल्या गेल्या असत्या. पंचनामा करणाऱ्यांनी, वार्षिक अहवाल लिहिणाऱ्यांनी जे केले नाही ते भुताच्या गोष्टीने केले, हे मला लाजिरवाणे वाटते. पण ती लाज कथा सांगणाऱ्यांची नाही.

अशा कथेतून काळजीच्या सवयी कशा टिकतात, याचे जगभर ठाऊक असलेले उदाहरण म्हणजे अमेरिकेतल्या नाट्यगृहांची प्रथा. प्रयोग संपून सगळे घरी गेले की रिकाम्या रंगमंचाच्या मध्यावर खांबावरचा एक दिवा तेवत ठेवतात. भुतांना एकटे वाटू नये किंवा त्यांना आपले नाटक करता यावे म्हणून तो असतो, असे नट सांगतात. सकाळी पहिला येणारा कामगार अंधारात वादकांच्या खड्ड्यात पडू नये, हे त्याचे उघड प्रयोजन आहे. नियमाची पाटी वाचून किती जणांनी तो दिवा रोज आठवणीने लावला असता, हा प्रश्न स्वतःला विचारून पाहावा. २०२० मध्ये साथीमुळे नाट्यगृहे बंद पडली तेव्हा अनेक ठिकाणी हाच दिवा मुद्दाम चालू ठेवला गेला, आम्ही परत येणार आहोत एवढे सांगण्यासाठी.

दुसऱ्या तटाशी, म्हणजे भूतकथांना बाजारात उभे करू पाहणाऱ्यांशी, माझे भांडण अधिक तीव्र आहे. त्यांचा मुद्दा पोकळ नाही. माणसे कथेच्या ओढीने इमारतीपाशी येतात, आणि ज्या इमारतीला कथा नाही तिच्यावर हातोडा सहज पडतो. ड्रुरी लेनच्या करड्या पुरुषाने त्या नाट्यगृहाचे नुकसान केलेले नाही. पण विक्रीला काढलेल्या कथेचे पुढे काय होते, हे शिकागोत पाहावे. ३० डिसेंबर १९०३ रोजी तिथल्या इरोक्वॉय थिएटरला दुपारच्या खेळात आग लागली. नाट्यगृह उघडून जेमतेम पाच आठवडे झाले होते आणि ते संपूर्ण अग्निरोधक असल्याची जाहिरात करण्यात आली होती. सुट्टीचे दिवस असल्यामुळे प्रेक्षागृह बायकामुलांनी खच्चून भरलेले होते. दिव्याच्या ठिणगीने पडदा पेटला, आग अडवणारा पडदा खाली येताना मध्येच अडकला, बाहेर जाण्याचे कितीतरी दरवाजे बंद होते आणि कित्येक आतल्या बाजूला उघडणारे होते. सहाशेहून अधिक माणसे मेली. जबाबदार असलेल्या एकालाही शिक्षा झाली नाही. त्या नाट्यगृहामागची गल्ली आज भूतसहलींचा थांबा आहे. तिथे थंड वाऱ्याची झुळूक आणि मुलांचे आवाज यांची वर्णने ऐकायला लोक पैसे देतात. दरवाजे कुणी बंद केले होते आणि परवानगी कुणी दिली होती, हे प्रश्न त्या वर्णनांत शिल्लक राहतील असे मला वाटत नाही. याउलट इंग्लंडमधल्या संडरलंडच्या व्हिक्टोरिया हॉलमध्ये १८८३ साली मुलांच्या खेळानंतर बक्षिसे घ्यायला धावलेली १८३ मुले, एकावेळी एकच मूल जाईल एवढाच उघडा ठेवलेल्या दाराशी चेंगरून मेली, तेव्हा लोकांनी दाराविषयीच प्रश्न विचारले. बाहेरच्या बाजूला उघडणारी दारे आणि आतून दाबताच सुटणारा अडसर यांची वाटचाल त्या दुर्घटनेपासून सुरू होते. आपल्याकडे दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात १३ जून १९९७ रोजी ५९ माणसे गुदमरून गेली, आणि त्यांच्या आप्तांनी वर्षानुवर्षे न्यायालयाची पायरी चढून तिथल्या वाट अडवणाऱ्या खुर्च्या कुणालाही विसरू दिल्या नाहीत.

हे सगळे लिहिताना माझ्या मनात कोल्हापूर आहे. राजर्षी शाहू महाराजांनी उभारलेले आणि १९१५ साली पॅलेस थिएटर म्हणून सुरू झालेले नाट्यगृह पुढे संगीतसूर्य केशवराव भोसले यांच्या नावाने ओळखले जाऊ लागले. केशवराव १८९० साली ९ ऑगस्टला जन्मले आणि १९२१ साली, वयाच्या अवघ्या एकतिसाव्या वर्षी गेले. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, म्हणजे त्यांच्या जयंतीच्या आदल्या रात्री, ते नाट्यगृह आगीत होरपळले. कोल्हापूरच्या कलावंतांनी त्या रात्री आणि दुसऱ्या सकाळी ज्या डोळ्यांनी ती वास्तू पाहिली, ते दुःख अस्सल होते. पण तारखांचा हा योगायोग असा आहे की आणखी दोन पिढ्यांनी त्याची आख्यायिका झाल्याशिवाय राहणार नाही. अकाली गेलेला गायक नट, त्याच्या जन्मदिवसाची पूर्वसंध्या आणि पेटलेला रंगमंच एवढी सामग्री कोणत्याही लोककथेला पुरेशी आहे. ती कथा जन्माला यायला माझी हरकत नाही. तिच्या शेजारी त्या रात्रीची नेमकी हकिकत मात्र आत्ताच लिहिलेली हवी: आग प्रथम कुणाला दिसली, कुठल्या भागात दिसली, पाणी कुठून आणि किती वेळात आले, वायरिंग केव्हाचे होते, पहाऱ्यावर कोण होते. ही हकिकत चौकशीच्या अहवालातच राहिली आणि लोकांच्या हाती फक्त योगायोग आला, तर पुढची पिढी तारखांचे नवल करत राहील आणि विजेच्या तपासणीविषयी कुणी विचारणार नाही.

तोंडी कथांवर भरवसा कसा ठेवायचा, हा शेवटचा आक्षेप अभ्यासकांकडून येतो. भरवसा ठेवू नये, असेच माझे उत्तर आहे. स्मृती घसरते, दोन माणसे एक होतात, पोऱ्याचा मृत्यू दहा वर्षे मागे सरकतो. म्हणून कथा टिपल्यानंतर ती नगरपालिकेच्या दप्तराशी, त्या काळच्या वर्तमानपत्राशी, रुग्णालयाच्या आणि स्मशानाच्या नोंदींशी ताडून पाहायची. ताळा जुळला तर एक नाव परत मिळते. जुळला नाही तर कथा कथा म्हणून राहते आणि तिच्यातला नटीविषयीचा, कामगाराविषयीचा पूर्वग्रह निदान उघडा पडतो. हे काम अवघड नाही, पण त्याला फार उशीर होतो आहे. तागाच्या दोऱ्यांवर रंगवलेले पडदे ओढणारी, स्पॉटलाइटच्या कार्बनच्या कांड्या बदलणारी, रात्रभर सेट लावून पहाटे दौऱ्याच्या बसमध्ये झोपणारी पिढी आता सत्तरी-ऐंशीत आहे. नाट्य परिषदेच्या शाखा, महाविद्यालयांचे मराठी विभाग आणि नाट्यगृहे चालवणाऱ्या महापालिका यांनी नूतनीकरणाची निविदा काढण्याआधी या माणसांना त्याच इमारतीत बोलवावे, विंगेत, माळ्यावर, रंगपटात फिरवावे आणि कुठल्या जागेविषयी काय सांगितले जाते हे त्यांच्याच शब्दांत ध्वनिमुद्रित करावे. नंतर गिलाव्याला हात घालावा, कारण फिकट फळी एकदा बदलली की तिच्याकडे बोट दाखवून काही सांगणे त्यांनाही जमणार नाही.